टाकी आडवी, हिशोब सरळ: एका डिझेल टाकीच्या पॅनल मीटरचं प्रकरण

मला बोलावणं आलं ते "मीटर कॅलिब्रेट करून द्या" एवढ्याच कामासाठी. सातारा जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतला खाद्यप्रक्रिया कारखाना, एक टनी डिझेलवरचा बॉयलर, मागच्या आवारात वीस हजार लिटरची आडवी टाकी. टाकीत किती डिझेल आहे ते बॉयलर हाउसच्या पॅनलवर दिसावं म्हणून काही महिन्यांपूर्वी डिजिटल मीटर बसवला होता. मॅनेजर साहेबांच्या टेबलावर मीटरच्या माहितीपुस्तिकेशेजारी एक रजिस्टर उघडं होतं आणि त्यात आठ ठिकाणी लाल पेनाने गोल केलेले होते. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मीटर बरोबर आहे एवढं लेखी द्या. पुढचं आम्ही बघतो."

पुढचं म्हणजे काय, ते बॉयलर हाउसमध्ये गेल्यावर कळलं. रात्रपाळीचे बॉयलर अटेंडंट अण्णा यांना कारणे दाखवा नोटीस गेली होती. घरी आजारी माणूस असल्याने त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतलेली. दिवसा घर आणि रात्री बॉयलर, असं सहा वर्षं चाललेलं. टँकर दर सोमवारी संध्याकाळी यायचा आणि रात्री दहापर्यंत रिकामा व्हायचा. अकरा ते सात पाळी अण्णांची. बॉयलर तासाला साधारण ७० लिटर जाळतो, म्हणजे आठ तासांना ५६०. पण सोमवार रात्रीचा खप रजिस्टरात ८६० लिटर. दर आठवड्याला तोच आकडा, दहावीस लिटर इकडेतिकडे. बुधवार-गुरुवारनंतर मात्र त्याच अण्णांच्या रात्री ४५० लिटरवर यायच्या. निष्कर्ष सरळ काढला गेला: टाकी भरलेली असली की तीनशे लिटर बाहेर जातं, कारण भरल्या टाकीतलं कमी झालेलं कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

दुसरा संशय टँकरवाल्यावर होता. बिल १२,००० लिटरचं, पण मीटर टँकर उतरवण्याआधी ८.१२ आणि नंतर १९.०० (किलोलिटर, म्हणजे हजार लिटरमध्ये) दाखवायचा. फरक १०,८८० लिटर. म्हणजे दर टँकरला ११२० लिटर कमी!

अण्णा मला म्हणाले, "मीटर आल्यापास्नं चोर ठरलोय बगा साहेब. काठी हुती तवर कुनी काय बोललं न्हाई." त्या क्षणी मी ते माणसाचं दुःख म्हणून ऐकलं. दोन तासांनी लक्षात आलं की रोगाचं निदान त्याच वाक्यात होतं.

आधी मीटर बघितला. पॅनलमधला ९६ बाय ४८ मिलिमीटरचा नेहमीचा इंडिकेटर, चार लाल आकडे, समोर चार बटणं. टाकीच्या तळाच्या नोझलवर प्रेशर ट्रान्समीटर (डिझेलच्या दाबावरून पातळी कळवणारा), त्याच्यापासून दोन वायरी आलेल्या. मीटर स्वतःच ट्रान्समीटरला २४ व्होल्ट देतो आणि त्याच जोडीवरून ४ ते २० मिलिअँपिअर करंट परत घेतो. टाकी रिकामी तर ४, पूर्ण भरली तर २०. शून्याला करंट शून्य ठेवत नाहीत, कारण मग वायर तुटली की टाकी रिकामी झाली हे कळणार नाही.

वायर सोडवून लूप कॅलिब्रेटर, म्हणजे हवा तो करंट मीटरला देणारं तपासणी यंत्र, लावला. ४ ला ०.००, १२ ला १०.००, २० ला २०.००. बसवणाऱ्याच्या रिपोर्टवरही हेच तीन आकडे होते आणि पुढे "त्रुटी शून्य" लिहिलेलं. ट्रान्समीटरची रेंजही तपासली. इथे बहुतेकांची चूक होते: ट्रान्समीटर पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये येतो आणि दोन मीटरच्या टाकीला २००० लावून लोक मोकळे होतात. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, घनता साधारण ०.८३. त्यामुळे दोन मीटर डिझेलचा दाब फक्त १६६० मिलिमीटर पाण्याएवढा. बसवणाऱ्याने १६६० च भरलेले होते. माणूस जाणता होता. म्हणून तर मला आणखी वेळ शोधावं लागलं.

या टप्प्यावर मी मॅनेजर साहेबांना हवा असलेला कागद देऊ शकलो असतो आणि तो खोटाही ठरला नसता. मीटरमध्ये जे भरलं होतं ते मीटर तंतोतंत दाखवत होता.

मला अडवलं रजिस्टरने. लाल गोल सोडून मी बाकीचे आकडे वाचायला घेतले. सोमवार रात्र ८६०. मंगळवार सकाळची पाळी ७००. मंगळवार दुपार ६३०. मंगळवार रात्र ५९०. मग हळूहळू खाली येत शनिवार-रविवारी ४४०. पुन्हा टँकर, पुन्हा ८६०. आठही आठवडे अशीच उतरती भाजणी. सकाळपाळीला अटेंडंट वेगळा, दुपारी वेगळा, आणि तरी आकडे एका ओळीत उतरत होते. चोरी अशी उतरत्या भाजणीने होत नाही. आणि ४४० तर बॉयलरला पुरणारच नाहीत. वाफ तेवढीच, माल तेवढाच, मग शनिवारी सव्वाशे लिटर कुठून वाचले? जास्तीचा खप सगळ्यांना दिसला, हा अशक्य कमी खप कुणाला खटकला नाही.

"अण्णा, ती काठी कुठंय?" मी विचारलं.

डिप रॉड, म्हणजे टाकीत बुडवून पातळी मोजायची ती काठी, टाकीच्या मागे भिंतीला उभा होता. मीटर बसवला तो पावसाळ्यात टाकीच्या शिडीवरून एक जण घसरल्यामुळे, आणि तो निर्णय योग्यच होता. पण काठीबरोबर तिचा चार्टही गेला. टाकी बनवणाऱ्याने दिलेला लॅमिनेट केलेला डिप चार्ट: डावीकडे सेंटिमीटर, उजवीकडे लिटर. तो स्टोअरच्या कपाटात, जुन्या गेटपास बुकांखाली सापडला. अण्णांनी रॉडला खडू घासला, वर चढले, रॉड तळाला टेकवून काढला. खडूवर ओली रेघ १५४ सेंटिमीटरवर. मीटर त्या वेळी १५.४० दाखवत होता. म्हणजे उंचीत दोघांचं पूर्ण एकमत. चार्टवर १५४ समोर लिहिलेलं: १६,५२५ लिटर.

अकराशे पंचवीस लिटरचा फरक, आणि तो टाकीत होता. कुणी नेलेला नव्हता.

कारण एकदा दिसलं की इतकं उघडं आहे की मॅनेजर साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मीटरला शिकवलं होतं की ४ ला शून्य, २० ला वीस, मधलं सरळ रेषेत वाटून घे. उभ्या टाकीत ते खरं आहे, कारण तिथे प्रत्येक सेंटिमीटरला सारखंच तेल मावतं. आडव्या टाकीत नाही. आडवं पिंप मधोमध रुंद, वर आणि खाली निमुळतं. या टाकीचा आतला व्यास २ मीटर, लांबी ६.३७ मीटर, दोन्ही टोकं सपाट. दहा सेंटिमीटर डिझेल मधोमध, म्हणजे १०० वरून ९० ला उतरलं तर १२७१ लिटर जातं. तेच दहा सेंटिमीटर १९० वरून १८० ला उतरलं तर जेमतेम ६६७. मीटर मात्र दोन्ही वेळा १००० च म्हणणार.

आता सोमवारची रात्र पुन्हा मांडून बघा. टँकर उतरल्यावर पातळी १९० सेंटिमीटर. तिथून ५६० लिटर जळलं की पातळी साधारण ८.६ सेंटिमीटरने उतरते, कारण वरच्या निमुळत्या भागात तेल कमी आणि उंची जास्त. मीटर ८.६ सेंटिमीटरचे ८६० लिटर करतो. शनिवारी टाकी अर्ध्यावर आलेली असते. तेच ५६० लिटर तिथे ४.४ सेंटिमीटरमध्ये मावतं आणि रजिस्टरात ४४० पडतात. अण्णांचा गुन्हा एवढाच की टँकर सोमवारी संध्याकाळी यायचा. तो सकाळी आला असता तर नोटीस दुपारपाळीला गेली असती.

टँकरवाल्याचंही तेच. ८१ सेंटिमीटरवरून १९० पर्यंत चढताना मधला रुंद भाग भरतो, तिथे मीटर कमी मोजतो, आणि १२,००० चे १०,८८० होतात. आठवडाभरात जळालेलंही मीटरच्या हिशोबाने १०,८८० च भरतं. जमा आणि खर्च एकाच चुकीच्या फूटपट्टीने मोजल्यामुळे मीटरची आतली वही नेहमी जुळते. हिशोब खात्याने ती वही दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा तिला बरोबर ठरवलं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट त्या तीन आकड्यांची आहे. ४, १२ आणि २० मिलिअँपिअर. रिकामी, अर्धी, पूर्ण. आडव्या टाकीत नेमक्या याच तीन जागी सरळ रेषा आणि खरा आकडा एकत्र येतात. अर्धी टाकी म्हणजे दहा हजार, मग ती उभी असो की आडवी. बसवणाऱ्याने प्रामाणिकपणे तपासणी केली, आणि तपासणीसाठी अशाच तीन जागा निवडल्या जिथे चूक दिसूच शकत नव्हती. ८ मिलिअँपिअर दिले असते तर मीटरने ५.०० दाखवलं असतं आणि चार्टने ३.९१. १६ ला मीटर १५.००, चार्ट १६.०९. आणखी दोन आकडे आणि हातात चार्ट, एवढंच हवं होतं. कॅलिब्रेटरने मीटर तपासता येतो, पण मीटरमध्ये काय भरायला हवं होतं ते टाकीच सांगते. तेव्हापासून मी पाच जागी तपासल्याशिवाय सही करत नाही, आणि दुसऱ्या बाजूचा आकडा मीटरच्या पुस्तिकेतून नाही, टाकीकडून घेतो.

दुरुस्तीसाठी नवा मीटर घ्यावा लागला नाही. त्याच मीटरमध्ये सोळा बिंदूंच्या टेबलची (कोणत्या करंटला कोणता आकडा दाखवायचा ते भरायची) सोय होती, फक्त ती दुसऱ्या पातळीच्या पासवर्डमागे असल्याने कुणी उघडलेली नव्हती. क्रम असा ठेवला. आधी जुनी सगळी सेटिंग कागदावर उतरवून घेतली. ही पायरी गाळणाऱ्याला परतीचा रस्ता उरत नाही. मग इनपुटचा प्रकार, मग दशांश चिन्ह, आणि त्यानंतरच स्केल. दशांश चिन्ह आधी ठरवायचं कारण मीटर आत २००० एवढाच आकडा ठेवतो, टिंब कुठे लावायचं ते वेगळं. चार आकड्यांत २०,००० मावत नाही, म्हणून वाचन किलोलिटरमध्ये, २०.००. शेवटचा आकडा म्हणजे दहा लिटर. त्याच्या खालचं वाचन या मीटरकडून मागायचं नाही, हे रजिस्टर भरणाऱ्या तिघांनाही सांगितलं.

पहिल्यांदा मी अकरा समान बिंदू भरले, दर दहा टक्क्यांना एक. चार्टशी ताडताना १९.२ मिलिअँपिअरला, म्हणजे १९० सेंटिमीटरला, मीटर १९.४८ म्हणाला आणि चार्ट १९.६३. दीडशे लिटर कमी, आणि तेही नेमकं टँकर थांबतो त्या उंचीवर. दोन बिंदूंच्या मध्ये मीटर पुन्हा सरळ रेषाच ओढतो. मधल्या भागात टाकीची वक्ररेषा जवळपास सरळ असल्याने तिथे बिंदू विरळ चालतात. टोकांना ती झपाट्याने वळते, तिथे दाट हवेत. आणि ही टाकी चाळीस टक्क्यांखाली क्वचित जाते, तेव्हा खालच्यापेक्षा वरचं टोक जास्त महत्त्वाचं. शेवटी टेबल असा बसला, आधी मिलिअँपिअर आणि पुढे किलोलिटर:

४.०० – ०.००
४.४० – ०.१३
४.८० – ०.३७
५.६० – १.०४
७.२० – २.८५
८.८० – ५.०५
१०.४० – ७.४७
१२.०० – १०.००
१३.६० – १२.५३
१५.२० – १४.९५
१६.८० – १७.१५
१७.६० – १८.१२
१८.४० – १८.९६
१९.२० – १९.६३
१९.६० – १९.८७
२०.०० – २०.००

आकडे चार्टवरून घेतले आणि व्यास-लांबीवरून स्वतः मांडूनही पाहिले. दोन्ही जुळले, कारण टोकं सपाट होती. टोकं फुगीर असतील तर नुसत्या गणितावर जाऊ नये, चार्ट हवाच. टाकी एका बाजूला कललेली असेल तरीही. या टेबलने वरच्या भागात चूक चाळीस लिटरच्या आत येते. दहा ते वीस टक्क्यांच्या मध्ये अजून साठेक लिटरची राहते, आणि ती मी रिपोर्टमध्ये लिहून दिली.

टेबल भरून झाल्यावर काम संपलं असं वाटतं, आणि धोका तिथेच असतो. अलार्मचे रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारे स्विच, करंटवर चालत नाहीत, पडद्यावरच्या आकड्यावर चालतात. वरचा अलार्म १९.०० ला होता. तो वाजला की टँकर उतरवायचा पंप बंद. जुन्या हिशोबात १९.०० म्हणजे १९० सेंटिमीटर. नव्या टेबलनंतर १९.०० म्हणजे साडेएकशेऐंशी सेंटिमीटर. तसाच ठेवला असता तर पुढच्या सोमवारी पंप मध्येच थांबून ६३० लिटर टँकरमध्येच उरले असते आणि पहिल्याच दिवशी नवा वाद उभा राहिला असता. तो १९.६३ वर नेला. खालचा अलार्म, जो डे टँकला (रोजच्या वापराच्या छोट्या टाकीला) डिझेल चढवणाऱ्या पंपाला कोरडं चालण्यापासून वाचवतो, तो २.०० वरून १.०४ वर आणला, म्हणजे आधीसारखाच वीस सेंटिमीटरला. दोन्हीला थोडा हिस्टेरिसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या आकड्यांत अंतर, दिला, नाहीतर टँकर उतरताना पृष्ठभाग हिंदकळतो आणि रिले टकटक करत राहतो. करंट ३.६ च्या खाली गेला तर आकड्याऐवजी चूक दाखवायची आणि दोन्ही पंप थांबवायचे, हेही तपासलं: एक वायर सोडवली, रिलेचा आवाज ऐकला, परत लावली. पासवर्ड बदलून बंद पाकिटात स्टोअरला दिला.

मग बसून आठ आठवड्यांचं रजिस्टर सोडवलं. जुना प्रत्येक आकडा हा मुळात उंचीच होता, तेव्हा १९.०० म्हणजे १९० सेंटिमीटर, १८.१४ म्हणजे १८१.४, असं करत चार्टवरून खरे लिटर काढले. हे काम कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही मागितले नाहीत, पण ते झाल्याशिवाय तिथून निघणं मला शक्य नव्हतं. आठही सोमवारच्या रात्री साडेपाचशे-पावणेसहाशेच्या आत आल्या. शनिवारच्या दिवसपाळ्याही तिथेच आल्या. टँकर आठही वेळा बाराच्या आसपास. मॅनेजर साहेब शेजारी बसून एकेक आकडा बघत होते. पाचव्या सोमवारनंतर त्यांनी स्वतः पेन घेतलं आणि उरलेले तीन सोडवले.

रिपोर्टची पहिली ओळ मी अशी लिहिली: "मीटरचं प्रोग्रॅमिंग टाकीच्या आकाराला धरून नव्हतं, नोंदींवरून इंधनाची तूट सिद्ध होत नाही." त्यांना विनंती केली की नोटीस जशी लेखी दिली तशी मागेही लेखीच घ्या, आणि टँकरवाल्याला एक फोन करा. नोटीस त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. साहेब कागद घेऊन स्वतः बॉयलर हाउसमध्ये आले. "अण्णा, चूक आमची झाली," एवढंच म्हणाले. अण्णांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वॉटर गेजकडे बघायला वळले.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. चार्ट आता पॅनलशेजारी फ्रेममध्ये होता आणि टाकीच्या शिडीला दोन्ही बाजूंनी कठडा बसवलेला. आठवड्यातून एकदा, टँकरच्या आधी आणि नंतर, दोघांनी मिळून डिप घ्यायची असं ठरलं होतं. पाळी सुरू व्हायला वेळ असूनही अण्णा लवकर आले होते. त्यांनी रॉड वर ओढला आणि ओली रेघ विजेरीच्या उजेडात धरली. "एक्क्याऐंशी," ते वरूनच म्हणाले. खाली स्टोअरकीपरने चार्टवर बोट ठेवलं: ७५९५. मीटरवर ७.६०. टँकर उतरल्यावर मीटर १९.६० वर थांबला. सकाळी सात वाजता तो १९.०३ होता, आणि रजिस्टरात अण्णांनी रात्रीच्या खपाच्या रकान्यात ५७० लिहून सही केली.